शिट्टी वाजल्यावर उठण्याबाबत

मी, डॉ. शेषराव पुंजाराम गावंडे, वय ७१, आपत्ती व्यवस्थापनाचा निवृत्त प्राध्यापक, राहणार राजापेठ, अमरावती, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहीत आहे. हृदयाचे दुखणे आता आवाक्यातले नाही, असे डॉ. निखत सांगतात. कोणाचे दडपण नाही. काळजी एकच, मी मेलो तर ते कोणाला खरे वाटणार नाही.

कारण असे. आपत्तीच्या रंगीत तालमीला एक मृत लागतो. आमची पोरे आगीत शिरतील, पण खोटे मरायला तयार होत नाहीत. घरचे अपशकुन मानतात. म्हणून अकोल्याच्या पहिल्या तालमीपासून निवृत्तीपर्यंत मृत मीच. शेवटची शिट्टी वाजली की उठायचे. एकदा एका मंत्र्यांनी खरोखरीचा हार घातला, तरी मी शिट्टीआधी हललो नाही. भातकुलीत वरून हुकूम आला म्हणून दुष्काळाची तालीम घेतली, तेव्हा पारावरचे मोतीराम म्हणाले, "सर, तालीम कायची घेता? आमचा तं खेळच सुरू हाय." तो अहवाल माझ्याने पुरा झाला नाही.

कलम १. राजापेठचे घर व बँकेतील शिल्लक पत्नी मनकर्णा हिला. विभागाने निरोपात दिलेली रबरी होडीही तिलाच. होडीला अजून पाणी लागलेले नाही. तीत ती कुरड्या वाळवते.

कलम २. मोडक्या दांडीचे स्ट्रेचर आमच्या विभागातले, तालमीतल्या बचावपथकाचे प्रमुख वामनराव यांना. दर तालमीत त्यांनी मला त्यावरून पाडले आणि विभागप्रमुखही तेच झाले. त्यांनी मला खांदा देऊ नये.

कलम ३. मी खरोखर गेल्यावर "सर, उठा, चहा थंडा होऊन राहिला" म्हणत कोणी ताटकळू नये. डॉ. निखत यांचा शब्द अंतिम.

कलम ४. निवृत्तीनंतर माझ्याकडेच राहिलेली तालमीची शिट्टी मनकर्णाला. दर तालमीला ती थर्मास घेऊन यायची आणि शिट्टी होईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायची नाही. मी थट्टा केली की म्हणायची, तुम्हाला मरायची सवय होऊ नये म्हणून येते. मी जाईन त्या दिवशी तिने शिट्टी एकदाच वाजवावी. मी न उठल्यास पुढच्या तयारीला लागावे.

हे कलम काल तिला वाचून दाखवले. कुरड्या उलटवता उलटवता ती म्हणाली, "मी नाई वाजवत. वाजवली अन् तुमी उठलेच नाई तं?"

जन्मभर हाच विषय शिकवला, पण काल मी तिच्याबरोबर कुरड्याच उलटवत बसलो. तिच्या आधी जावे लागते याचे फार वाईट वाटते. सबब कलम ४ बदलले आहे. शिट्टी तिच्याजवळ राहील. ती कोणीही वाजवायची नाही.

मनकर्णा लाभार्थी असल्याने साक्षीदार म्हणून तिची सही चालत नाही. ती शेजारी बसून आहे.

सही: शे. पुं. गावंडे
राजापेठ, अमरावती. ९ मार्च २००७

साक्षीदार:
१. डॉ. निखत अंजुम (नाडी पाहून सही केली)
२. शफीक मंडपवाले, भातकुली (तालमींचा मंडप मीच घालायचो; सर बसलेले होते, बोलत होते)