चेहरा बरोबर ओळखला म्हणून घरी बसवलेल्या भावाबाबत

प्रति,
मा. कल्याण अधिकारी,
दिव्यांग प्रौढ कल्याण कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : माझ्या धाकट्या भावास कार्यशाळेत परत घेण्याबाबत, व त्याच्याकडून खोटी माफी वदवून न घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे अर्ज, जे आपल्याकडे सापडत नाहीत. २) कार्यशाळेच्या चौकशी समितीचे पत्र, जे माझ्याकडे सापडते. प्रत सोबत.

महोदय,

“आली बघ. आता बसा ऐकत भावाचं पुराण,” असे आपल्या आवक खिडकीतील बाई शेजारच्या बाईंना म्हणाल्या. खिडकी उघडी होती आणि माझा कान तिच्यापासून वीतभर लांब होता. लगेच माझ्याकडे वळून त्या गोड हसल्या व “बोला ताई” म्हणाल्या. माझी तक्रार नाही. जेवायची वेळ झाली होती आणि माणसाला भूक असते. एवढेच नमूद करते की, एका चेहऱ्यावर दुसरा चेहरा इतक्या झटपट चढवणे माझ्या भावास जमत नाही, आणि प्रस्तुत प्रकरण त्यातूनच उद्भवले आहे. पुराण या वेळी लेखी देत आहे, म्हणजे कोणास ऐकत बसावे लागणार नाही.

१. मी खाली सही करणार, दवाखान्यासमोर कपडे धुलाई व इस्त्रीचे दुकान चालवते. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन गिऱ्हाइकांच्या खिशात विसरलेल्या कागदांवर सुरू झाले आणि मग थांबले नाही. माझा भाऊ एक्केचाळीस वर्षांचा असून डॉक्टरांच्या कागदावर तो स्वमग्न आहे. आईवडील गेल्यापासून आम्ही दोघेच. आपल्या देखरेखीखालील कार्यशाळेत तो बुटांची खोकी उभी करण्याचे काम करीत असे. पुठ्ठ्याची घडी तो अशी घालतो की कोपऱ्यात नखही शिरणार नाही. रविवार त्याला अजिबात आवडत नाही, कारण त्या दिवशी खोकी नसतात. त्याला तेथे काय मिळत होते, हे यावरून आपल्या ध्यानी यावे.

२. मागील वर्षी कार्यशाळेत एक शिक्षिका रुजू झाल्या. वय लहान, उत्साह दांडगा, मनाच्या चांगल्या. दुसऱ्याच्या मनातले कसे ओळखावे, हे त्या शिकवणार होत्या. आधी परीक्षा झाली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा समोर ठेवून त्यांनी भावास विचारले, आत काय असेल? तो म्हणाला, “बटणं.” डबा उघडला तर आत त्यांनी मुद्दाम बटणेच ठेवली होती. त्याने बरोबर सांगितले हे कोणी धरलेच नाही. पुढचा प्रश्न खरा होता : तुझ्या ताईने हा डबा बंदच पाहिला तर तिला आत काय आहे असे वाटेल? छापील उत्तर ‘बिस्किटे’. आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसते, हे चार-पाच वर्षांच्या पोरालाही कळू लागते म्हणे. भाऊ म्हणाला, “बटणं.” शून्य गुण. शेरा : ‘दुसऱ्याच्या मनाची कल्पना करता येत नाही.’

महोदय, आमच्या घरात त्या तसल्या डब्यात गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांची बटणेच असतात. आईच्या काळापासून असतात. बंद डबा पाहून मला बटणेच वाटली असती आणि बिस्किटे निघाली असती तर मी दचकले असते. माझ्या मनात काय येईल, हे त्या खोलीत फक्त त्यालाच ठाऊक होते. शिक्षिकेला हे सांगितले तेव्हा त्या पोट धरून हसल्या. मात्र छापील उत्तर बदलण्याचा अधिकार त्यांना नाही म्हणाल्या. शेरा कायम आहे.

३. मग कार्डे आली, एक संच सरावासाठी घरीही दिला. पुढे एका माणसाचा चेहरा, मागे शब्द. आनंद, राग, भीती, दुःख, आश्चर्य, थकवा, किळस. किळसेच्या कार्डावर नाक आक्रसलेले आहे, वरचा ओठ उचललेला आहे व मान जराशी मागे गेली आहे. भावाने कार्डे पाठ केली आणि दुकानात येईल त्याच्यावर तपासून पाहू लागला. गिऱ्हाईक गाठोडे ठेवते न ठेवते तोच हा सांगे, “थकवा.” बहुतेक हसत. एक गृहस्थ पांघरूण घेऊन आले, त्यांना तो “दुःख” म्हणाला. मी जीभ चावली. ते गृहस्थ पांघरूण काउंटरवर ठेवून म्हणाले, समोरच्या दवाखान्यात बायको आहे, घरचे सगळे मला रोज म्हणतात तुम्ही किती खंबीर. पांघरूण न्यायला आले तेव्हा त्यांनी आधी भावाची चौकशी केली.

येथे माझे दोन शब्द, अनाहूत. हे ओळखणे मला कोणी कार्डांवरून शिकवले नाही. आई ओट्यावर भांडे कसे ठेवते, वडील जिना कसे चढतात, यावरून आज कुठे बसायचे ते मला कळे. कधी कळू लागले, सांगता येत नाही. परंतु त्यापुढे आणखी एक धडा असतो. ओळखलेले गिळण्याचा. आत्याने आणलेला फ्रॉक मला मुळीच आवडला नव्हता. “आवडला ना गं?” म्हणून आत्याने विचारले तेव्हा मी “खूप” म्हणाले, कारण पाठीमागून आईने चिमटा काढला होता. आपण सर्वजण त्या चिमट्याच्या शाळेतून आलो आहोत. माझ्या भावावर तो उपाय चालला नाही. त्याला चिमटा काढला की तो पाहुण्यांना सांगे, “आईने चिमटा काढला.” कार्यशाळेच्या संचात या दुसऱ्या धड्याचे कार्ड नाही. मी सगळी उलटून पाहिली आहेत.

४. प्रत्यक्ष घटना. कार्यशाळेत हात धुण्याच्या नव्या बेसिनचे उद्घाटन होते. बेसिनला रिबन बांधली होती. कार्यशाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षीणबाई प्रमुख पाहुण्या. सर्वांना ओळीत उभे करून पाहुण्यांशी हात मिळवायला शिकवले होते : हात घट्ट धरा, डोळ्यांत बघा. भाऊ मन लावून काही करू लागला की त्याचे तोंड उघडे राहते आणि लाळ येते. ती तो हाताने पुसतो. त्या दिवशी तो फार मन लावून उभा होता. बाईंनी त्याचा हात हातात घेतला आणि तो ओला लागला. त्यांच्या चेहऱ्याचे जे झाले ते एका क्षणापुरते झाले. पण तो शिकवल्याप्रमाणे डोळ्यांत बघत होता.

“किळस,” तो म्हणाला. “ही किळस. बरोबर?” आणि शाबासकीसाठी शिक्षिकेकडे वळला. एवढे स्वच्छ उदाहरण त्याला पूर्वी कधी मिळाले नव्हते. शिक्षिका जमिनीकडे पाहू लागल्या. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. बाई हसून “किती गोड” म्हणाल्या, फोटो काढला गेला, आणि बाईंनी तो हात पाठीमागे नेऊन रुमालाला पुसला. मी पाठीमागच्याच रांगेत होते. दुसऱ्या दिवशी निरोप आला, सध्या भावास पाठवू नये.

५. मला किळसेची नवलाई नाही, हे आपण लक्षात घ्यावे. दवाखान्यासमोरचे दुकान आहे. ओकारी, पू, रक्त, म्हाताऱ्यांची अंथरुणे, सगळे माझ्याकडे येते. आणणारे डाग आतल्या घडीत लपवतात व “चहा सांडला” म्हणतात. तो चहा मला चांगला ओळखता येतो. मीही नाक मुरडते, पाठ फिरवून मुरडते आणि कपडा धुऊन देते. शरीर आहे, त्याला शिसारी येणारच. बाईंना आली, यात गुन्हा नाही.

मला ओकारी आली ती चौकशी समितीत. व्यवस्थापक, एक सल्लागार डॉक्टर आणि एक सदस्य. आम्हाला दाराजवळच्या खुर्च्या दिल्या. भाऊ बसताच सदस्यांनी उठून खिडकी उघडली. त्याला मी आंघोळ घालून, माझ्या हातची इस्त्री चढवून नेले होते. मग चर्चा झाली. त्याचा आवाज चढा होता काय. त्याने बोट दाखवले काय. गोळ्या वेळेवर देता काय. घरी कोणी असे शब्द वापरते काय. एक्केचाळीस वर्षांच्या माणसासमोर तीन माणसे “अशी मुलं” “अशी मुलं” करीत होती आणि चहात बिस्किटे बुडवीत होती. मी विचारले की, त्याने ओळखले ते बरोबर होते की चूक? व्यवस्थापक म्हणाले, “तो मुद्दा विषयपत्रिकेवर नाही.” डॉक्टरांनी घड्याळात पाहिले. शिक्षिका साक्षीला होत्या. त्यांनी तोंड उघडले, व्यवस्थापकांकडे पाहिले आणि मिटले. चिमटा कोणी काढला ते मला दिसले नाही, पण बसला मात्र जागेवर.

६. निर्णय असा की, भावाने सर्वांसमोर उभे राहून म्हणावे : “मी अध्यक्षांचा चेहरा चुकीचा ओळखला. त्यांना आनंद झाला होता.” मग त्यास परत घेऊ. महिनाअखेरपर्यंत न म्हटल्यास त्याची जागा प्रतीक्षा यादीतील दुसऱ्यास दिली जाईल.

मी मन मारून त्याच्याकडून घोकून घेतले. पहिले वाक्य तो म्हणतो. दुसऱ्या वाक्याला आनंदाचे कार्ड काढून टेबलावर ठेवतो आणि बघत बसतो. “ताई, ओठ असा नव्हता.” मी म्हणते, म्हणून टाक रे. तो विचारतो, “खोटं बोलू?” गिऱ्हाइकांना रोज “उद्या नक्की” म्हणणारी मी. त्याला हो म्हणताना माझी जीभ उचलली नाही.

तो अजूनही सकाळी डबा घेऊन कोपऱ्यावर उभा राहतो. कार्यशाळेची गाडी न थांबता जाते. पहिल्या दिवशी तो परत येऊन म्हणाला, “ड्रायव्हर, दुःख.” मग दुकानात कोणाला पुन्हा काही बोलेल आणि तेही महागात पडेल, या भीतीने मी त्याला बजावले की चेहऱ्याचे कोणाला काही सांगायचे नाही. त्याने ते फारच नीट ऐकले. आता गिऱ्हाईक आले की तो फरशीकडे बघतो. पांघरूणवाले गृहस्थ परवा आले होते. त्यांच्याकडेही त्याने पाहिले नाही. आपल्या खात्याने पैसा खर्चून त्याला वर बघायला शिकवले आणि आपल्याच खात्याने त्याची मान खाली घातली. या खर्चाला आपल्याकडे कोणते लेखाशीर्ष आहे मला ठाऊक नाही. आमच्या धंद्यात याला कपडा फाडणे म्हणतात.

सबब विनंती की, (अ) त्यास विनाअट परत घ्यावे. (आ) ते शक्य नसल्यास किळसेचे कार्ड सर्व संचांतून काढून जाळून टाकावे, म्हणजे यापुढे कोणी ती ओळखणार नाही व मान्यवरांना निर्धास्त हात मिळवता येईल. (इ) तेही शक्य नसल्यास, समितीच्या टेबलावर जो मुद्दा आलाच नाही तो एकदा तरी आणावा.

७. हा अर्ज येथवर लिहून झाला होता. काल संध्याकाळी घडलेले जोडते.

अध्यक्षीणबाई स्वतः दुकानात आल्या. गाडी रस्त्यावर उभी, हातात काही नाही. मला म्हणाल्या, “ताई, कशाला वाढवता? एक वाक्य म्हणू दे त्याला, बाकी मी मिटवते.” मी म्हटले, त्यालाच विचारा, मी त्याची बहीण आहे, त्याची जीभ नाही. तेव्हा त्या काउंटरशी आल्या आणि बहिऱ्याशी बोलावे तसे एकेक शब्द सुटा करून त्याला म्हणाल्या, “बाळा, त्या दिवशी मी सकाळपासून कार्यक्रमांना जात होते. थकले होते. थकवा होता ना तो?”

भाऊ फरशीकडे बघत म्हणाला, “थकव्याचं कार्ड वेगळं आहे.”

“मग काय होतं?”

त्याने माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा फरशीकडे. “ताई सांगू नको म्हणाली.”

इस्त्री तापून वाफ सोडत होती, ती मला बंद करवेना. एक गिऱ्हाईक पावती हातात धरून भिंतीवरचा दरफलक वाचू लागले. बाईंचा हात काउंटरवर होता आणि भावाचा हात त्याच्या शेजारी, ओला, जसा असतो तसा. त्यांनी तो पाहिला. पुन्हा तेच झाले, नाक, ओठ, मान. या वेळी ते ओळखून सांगायला कोणी नव्हते. तो खालीच बघत होता. त्यांनी त्याच्या वाकलेल्या मानेकडे पाहिले. त्यांनी रुमाल काढला नाही.

“किळस,” बाई म्हणाल्या. “किळस आली होती मला.”

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून, आणि तोवर दुकानातच,

त्याची ताई
(सही)

दिनांक : आपला आवक शिक्का पडेल तो.