समासातला डाग

मंगळवार, संध्याकाळ. भाईंदर पश्चिम

मघापासून तीनदा मोजलं. मूळ पानाच्या फोटोत बावीस ओळी, मी उतरवलेल्या पानावर एकवीस. डोंगरीच्या शाळेतल्या सिस्टर उद्या पान न्यायला येतायत. फार जुन्या ग्रीक बायबलच्या पानाची हाताने केलेली नक्कल, मुलांना दाखवायला. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण ग्रीक कुठे येतं मला? मी चित्रासारखं उतरवतो. दोन ओळींचा शेवट सारखा होता. बोरू शाईत बुडवून वर बघितलं आणि नजर खालच्या ओळीच्या शेवटावर गेली, ती ओळ सुटलीच.

"कोण मोजणारे?" बायको म्हणाली. समासातला डाग तरी हुबेहूब जमलाय ना, चहाच्या पाण्याने? स्वतःला तेवढंच सांगत बसलो.

शेवटी सिस्टरना फोन केला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, मूळ लिहिणाऱ्याचीही एक ओळ राहिली होती. नंतर त्याने बाजूला बारीक लिहून घेतली. समासात बघा."

भिंग घेऊन फोटो बघितला. तो डाग नव्हताच, अक्षरं होती. म्हणजे एक नाही, माझ्या दोन ओळी गेल्या. आणि दुसरी चहाने रंगवून मी खूश होतो.