सहीत गेलेला आवाज

४ मार्च
कंपनीचा मेल आला. सेवा महिनाअखेरीस बंद. म्हणजे टॅबमधला माझा आवाज बंद. घशातला आधीच गेलाय, स्वरयंत्र काढलं तेव्हा. ऑपरेशनच्या आधी कंपनीने मला काचेच्या खोलीत बसवून वाक्यं वाचून घेतली होती, त्यातून हा आवाज बनवला. मी टाइप करायचं, तो बोलायचा. आता कंपनीच विकली गेली, अन् नव्या मालकांना हा धंदा नको.
मला काही वाटलं नाही. भांडी घासली.

५ मार्च
लेक चिडली. फोन लावून म्हणाली, निदान मूळ रेकॉर्डिंग तरी द्या. तिकडची बाई गोड होती. म्हणे आवाज कंपनीच्या मालकीचा, करारावर सही आहे. सही माझीच. तेव्हा मी कशावरही सही केली असती!
हे म्हणाले, 'घसा आपला, आवाज त्यांचा. झकास.' मग पेपर वाचत बसले.

९ मार्च
लेक म्हणते, मुक्त सॉफ्टवेअर वापर. लोक फावल्या वेळात बनवतात, कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं, बंद करायला मालकच नाही. ऑफिस सुटल्यावर तीही त्यात काम करते. ऐकून बघितलं. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं. टॅबवर टाइप केलं — नको.

१४ मार्च
भांडण. ती बोलते, मी टाइप करते — कोण जिंकणार!
तिचं म्हणणं, कंपनीच्या आवाजाला कधी 'जरा' धड म्हणता आलं नाही. 'जीव'मधला ज लावायचा. आमच्या चष्म्याच्या दुकानात 'जरा थांबा' म्हटलं की गिऱ्हाईक हसायचं. हे म्हणायचे, म्हातारपणाला थांब म्हणतेस की काय! किती तक्रारी केल्या. उत्तर ठरलेलं — आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे.
तिने त्यांच्या मुक्त सॉफ्टवेअरमधला तो ज एका दुपारात सुधारला. वाजवून दाखवला. बरोबर होता.
पण ती मी नव्हे.

२२ मार्च
लेक कपड्यांच्या कपाटात तोंड घालून वाक्यं वाचून रेकॉर्ड करत बसते. तिथे आवाज घुमत नाही म्हणे. मला स्वतःचा आवाज देणार आहे. विचारलंसुद्धा नाही! शिवाय तो सगळ्यांना खुला ठेवणार, कुणीही उतरवून घ्यावा. मी लिहिलं, 'आवाज काय रस्त्यावर ठेवायची वस्तू आहे?'
ती म्हणाली, 'आई, सगळ्यांचा झाला की कुणाला तो काढून घेता येत नाही.'


३१ मार्च
बंद झाला. 'दुकानाची किल्ली कुठाय' टाइप केलं. टॅब गप्प. ह्यांनी न विचारता किल्ली आणून हातात दिली. रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं.

६ एप्रिल
नवा आवाज टॅबवर आला. हुबेहूब लेक. मी बटण दाबत नाही. तिच्या आवाजात मी गिऱ्हाइकाशी घासाघीस करू? दुकानात चिठ्ठ्या लिहून दाखवते. लोक माझ्याशी ओरडून बोलतात, जणू मी बहिरीच आहे.
लेक चिठ्ठ्यांसाठी कोरे कागद कापून ठेवते. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

१९ एप्रिल
काही नाही. आज कुणाशीच बोलणं नाही.

२ जून
तपासणीला गेले. शेजारी एक आजोबा. झुपकेदार मिशा, गळ्यावर माझ्यासारखीच पट्टी. नर्सने त्यांचा नंबर मागे ढकलला तसा त्यांनी मोबाइल वर धरला — आणि त्यातून माझी लेक तिच्यावर तापली! 'मी सकाळपासून बसलोय, बाई!'
मला हसू फुटलं. आवाज नाही, पण पोट दुखेस्तोवर हसले. ते वळले. वाटलं असणार, ही आवाजाला हसतेय. त्यांनी टाइप केलं, 'बाईचा आहे, पण बोलता तरी येतं. कुणाचा, देव जाणे.'
डोळ्यांना धार लागली. तशातच पिशवीतून टॅब काढला. लिहिलं. बटण दाबलं.
'माझ्या लेकीचा.'