टाकी मदिनेत भरायची

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
जुम्म्याच्या नमाजाहून आल्या आल्या साजिद म्हणाला, "कॅरव्हॅन मिळतेय. ऑफिसातल्या फहदच्या वडिलांची. आपल्या गाडीच्या मागे जोडायची." मी सुरमई तळत होते. "म्हणजे जायचं?" म्हटलं. "लग्न होऊन जेद्दात आल्यापासून तूच पाठी लागलीयस," म्हणाला.
खरंच आहे. हिज्र, म्हणजे मदाइन सालेह, डोंगरात कोरलेल्या जुन्या कबरी. महाडच्या कॉलेजात असताना सरांनी आम्हाला लेणी बघायला नेलं होतं. बाकीच्या मुली डबे उघडून बसल्या, मी आतल्या खोल्यांतून फिरत राहिले. वटवाघळांचा वास, गार भिंती. तेव्हापासून दगडात कोरलेलं काही म्हटलं की राहवत नाही. आणि इथे तर डोंगरच्या डोंगर कोरलेत. शाळेत नववीला सोशल सायन्स शिकवते, प्रोजेक्टरवर तेच फोटो दरवर्षी दाखवते. स्वतः गेलेली नाही.

२१ नोव्हेंबर
कॅरव्हॅन पाहून आलो. आत दोन बिछाने, दोन शेगड्या, आणि मुख्य म्हणजे बाथरूम. अम्मा, म्हणजे सासूबाई, पुढच्या आठवड्यात श्रीवर्धनहून येतायत, त्यांना शुगर. जेद्दा ते अल-उला, म्हणजे हिज्रजवळचं गाव, अख्ख्या दिवसाचा रस्ता, त्यात पेट्रोल पंपांवरची बाथरूमं. त्यामुळे हीच सोय बरी.
मालक अबू फहद, म्हणजे फहदचे वडील. मोठा माणूस, हळू बोलतो. माझं मोडकं अरबी शांतपणे ऐकून घेतलं. रात्री तिथे फार थंडी असते म्हणाले, जाड रजया न्या.
आमची लेक अलिझा अकरावीत. तिचा पहिला प्रश्न, "मम्मी, नेटवर्क आएगा वहाँ?" मी म्हटलं, येईल. मला काय माहीत.

२९ नोव्हेंबर
अम्मा आल्या. सोबत सुके बोंबील, कोकम, तांदळाचं पीठ, आणि माझ्यासाठी एक गाऊन, जो मला दोनदा गुंडाळता येईल. एअरपोर्टवर व्हीलचेअरमध्ये बसायला तयार नव्हत्या. "मी काय आजारी हाय?" आता मक्केला जाऊन उमरा करायचा, मग मदिना. मदिनेचं नाव निघालं की चेहरा बदलतो त्यांचा. आपला रस्ता मदिनेवरूनच जातो, हे ऐकून खूश.
पुढे कुठे जायचंय ते साजिदने सांगितलेलं नाही. मीही नाही.

४ डिसेंबर
सांगितलं. जेवताना. अम्मांचा घास हातातच राहिला.
"समूदांची जागा? आजाब झाला तिथं, अल्लाचा कोप. तिथला पानीसुद्धा पिऊ नये म्हणतात. नि तुम्ही पिकनिक करनार?"
मी म्हटलं, आता तिथे सगळं जग येतं, आणि पुस्तकांत तर त्या कबरी नबाती लोकांच्या, नंतरच्या आहेत. अम्मांनी ऐकून घेतलं. "तू शिकलेली हायस गो. मना त्यातला काय समजत नाय. पन मी माझ्या पोराला तिथं जा म्हननार नाय."
साजिद भातात कढी कालवत बसला.
नंतर भांडी घासताना मला म्हणाला, "बघू." त्याचं बघू म्हणजे नाही. मला माहितेय.

५ डिसेंबर, शुक्रवार
दिवसभर बोललो नाही फारसं. भांडण नाही, पण नेहमीसारखं पण नाही. समुद्रकाठी कॉर्निशवर गेलो. अम्मा समुद्राकडे बघत म्हणाल्या, आपल्याकडचा समुद्र जास्त आवाज करतो. ते खरंय.
मी मनात दुसरे प्लॅन करतेय. नुसतं अल-उलाचं जुनं मातीचं गाव बघायचं, हिज्र वगळायचं. मग इतक्या लांब जायचं तरी कशाला. आणि शिवाय मला तरी शंभर टक्के कुठे ठाऊक आहे की जावं? लहानपणी मदरशात मीही तेच ऐकलंय. अंगावर काटा आला होता, समूदांनी अल्लाची उंटीण मारली आणि सगळे नष्ट झाले ती गोष्ट ऐकताना. तो काटा गेलाय असं म्हणवत नाही.

९ डिसेंबर
शाळेतून लवकर आले. अम्मा तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, मी भाजायला घेतल्या. विचारलंच, "अम्मा, तुम्हाला भीती वाटते का तिथली?"
हातातली भाकरी थापून माझ्याकडे दिली. मग म्हणाल्या, "भीती नाय गो. लाज."
साजिद कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट. त्यांच्या गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी होती, पावसात डोंगर खाली आला आणि वाडी गेली. अम्मांची मैत्रीण होती तिथे, आंबाबाई, कोळीण नव्हती पण सुकी मासळी घेऊन फिरायची. नंतर किती दिवस गाड्या यायच्या. लोक उतरायचे, मातीच्या ढिगाकडे पाठ करून फोटो काढायचे. एकजण थर्मासमधून चहा ओतून पीत होता. "तिच्या घरावर उभा राहून. मना तो चहा अजून दिसतो."
मी भाकरी करपवली. अम्मांनी काढून स्वतःच्या ताटात ठेवली.
मी इतके दिवस समजत होते, या जुन्या समजुती धरून बसल्यात. म्हटलं, "मी तिथे चहा पिणार नाही, अम्मा." हसल्या.

१२ डिसेंबर, शुक्रवार
कॅरव्हॅन जोडून रिव्हर्स घ्यायची प्रॅक्टिस. ओबहूरला मोकळं मैदान. साजिदने वळवली की ती उलट्या दिशेला जाते आणि मग तो स्टिअरिंगला बोलतो. मी बसले. अबू फहद बाजूला उभे राहून फक्त हात दाखवत होते. हात डावीकडे, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. तिसऱ्या वेळी सरळ गेली. साजिद म्हणाला, "मग तूच चालव मदिनेपर्यंत." चालवणारच होते.
कहवा घेताना अबू फहदना विचारलं, तुम्ही गेलायत का हिज्रला? म्हणाले, वडील त्या रस्त्याने जायचे तेव्हा गाडीचा वेग वाढवायचे आणि आम्हाला गप्प बसायला सांगायचे. "गेल्या वर्षी नातवंडांनी नेलं. गेलो. मान खाली घालून फिरलो. फोटो नाही काढले. सुंदर आहे." एवढंच.
साजिद ऐकत होता. कप खाली ठेवून टायरची हवा बघायला गेला.

१३ डिसेंबर
आज अम्मांना कॅरव्हॅन दाखवली, आमच्या बिल्डिंगखाली लावलीय. पायरी चढायला वेळ लागला, पण आत गेल्यावर प्रत्येक कप्पा उघडून बघितला. "ही शेगडी लहान हाय. पन चालंल." लगेच वर जाऊन तवा आणायला लावला. पार्किंगमध्ये भाकरी झाली. खालचा केरळी सुपरवायझर वास आला म्हणून डोकावला, त्यालाही दिली, चटणीबरोबर.
म्हणजे येणार तर आहेत.

१७ डिसेंबर
अम्मांनी स्वतःच काढलं. "मी गाडीत बसेन. तुमाला जायचा तर जा. मज्जा करायला जाऊ नका, बगायला जा. नि पानी तिथला नको. टाकी मदिनेत भरा."
साजिद म्हणाला, टाकी छोटी आहे अम्मा, अंघोळी होणार नाहीत.
"नको होऊ दे."
अलिझाने मान वर केली. "नो शॉवर?" मग थोड्या वेळाने, "ठीक है. मैं दादी के साथ रुकूँगी. शी कांट बी अलोन." माझी पोर. मला वाटलं होतं हिला कशाचं काही नाही.
हिज्रच्या आत आपली गाडी नेता येत नाही, त्यांची बस नेते. तिकिटं आधी काढायची. दोन काढली, २८ची सकाळ. साजिदला सांगितलं. "हं," म्हणाला. त्याला मी विचारलं नाही आणि तो बोलला नाही. आईने परवानगी दिली तरी त्याच्या मनाने दिलेली नाही अजून, हे मला दिसतंय. ओढून नेणार नाही.

२५ डिसेंबर, मदिना
पोहोचलो. हायवेवर वाऱ्याने कॅरव्हॅन हलत होती, हात आखडले, पण आणली. अम्मा मागच्या सीटवर तसबीहची माळ घेऊन. मशिदीचे मिनार दिसले तेव्हा मी आरशात बघितलं, त्या आवाज न करता रडत होत्या. अलिझाने त्यांचा हात धरला होता, दुसऱ्या हातात फोन.
साजिद आणि मी पार्किंगमध्ये पाइप लावून टाकी भरली. शिवाय कॅनही. पाणी भरताना तो म्हणाला, "नसरीन, तू एकटी गेलीस तर मला राग नाही येणार." मी म्हटलं, "माहितेय." पाइप काढताना दोघांचेही पाय भिजले.

२७ डिसेंबर, अल-उला
काय डोंगर आहेत. लाल, उभे, मधूनच खजुराची हिरवी पट्टी. संध्याकाळी जुन्या मातीच्या गावात गेलो. अम्मा म्हणाल्या इथे चालेल, इथे माणसं राहून गेली आपल्या पायाने. काठी टेकत अरुंद गल्लीतून चालल्या. भिंतीला हात लावून बघितलं, बोटाला माती लागली, हुंगली. "चूल कुठं असंल यांची?" साजिद आणि त्या मिळून चूल शोधत होते, छप्पर गेलेल्या एकेका खोलीत वाकून. एका कोपऱ्यात काळा डाग सापडला. "ही बग, हीच." दोघांचे चेहरे सारखे दिसत होते, आई आणि मुलगा. मी पाठून चालले. बरं वाटत होतं.
अलिझाने एकच फोटो काढला, दादीच्या हाताचा.

२८ डिसेंबर, सकाळ
फार गारठा. शेगडीवर चहा झालाय, मदिनेच्या पाण्याचा. मी नको म्हटलं. अम्मा बघत होत्या, मग माझा कप त्यांनीच घेतला.
बस थोड्या वेळात, वरच्या गेटपासून. मी तयार आहे, डोक्याला घट्ट ओढणी बांधलीय. अम्मा आणि अलिझा रजईत पाय घालून पत्ते खेळतायत. अम्मा खोटं खेळतात, अलिझाला कळतं, बोलत नाही.
साजिद बाहेर पायरीवर बसून बूट घालतोय. कुठे जायला, ते मी विचारलेलं नाही.