बंद दाराचा दंड

रत्नागिरी, ता. २० नोव्हेंबर १९३४

बाहेरगावचे सभासद आप्पा यांस, मेहुणा भिकाजीचा साष्टांग नमस्कार.

वाचनालयाने स्वतःचे दार बंद ठेवावे आणि त्या दिवसांचा दंड तुमच्यासारख्या बाहेरगावच्या सभासदांवर बसवावा, हा अन्याय तुम्ही सारे मुकाट्याने सोसत आहात. तुमचे गुडघे कसे आहेत? कमळाताईचा खोकला थांबला का? (नसेल तर अडुळसा द्या. लांज्याच्या वैद्यांचे काही देऊ नका.)

हकीकत अशी. पूर्णगडच्या आपल्या सभासद सगुणाबाई दुपारी मासळी वाळत घालून झाली की अंगणात पंधरावीस बायकांना पुस्तक वाचून दाखवतात. ऐकणारींत एकीलाही अक्षर येत नाही, पण गोष्ट अर्धी राहिली तर रात्री जेवण जात नाही. बाईंनी पुस्तक वेळेवर होडीवाल्या धोंडू तांडेलाबरोबर परत पाठवले आणि बजावले, ग्रंथपालांच्या हातातच दे. ग्रंथपाल पालीला भातकापणीसाठी गेलेले. अठरा दिवस दाराला कुलूप. धोंडू तीनदा आला आणि तीनदा पुस्तक परत घेऊन गेला. मी रागावलो तर म्हणतो, "बायनी सांगितलान हातात दे. कुलपाला हात नाय."

दंड रोजचा एक पैसा. बाई म्हणाल्या, "द्यायला पैसे आहेत, कारण नाही." आता कमिटी त्यांचे नावच कमी करणार! मी कमिटीपुढे चाळीस मिनिटे बोललो. (रोमन कायदा झाला, फ्रान्सची क्रांती निम्मी झाली, तेवढ्यात चहा आला.) चिटणीस रावजीपंत म्हणाले, "दार बंद असलं तरी नियम चालूच असतो." मी म्हणालो, "मग नियमालाच पुस्तकं परत घ्यायला बसवा!" सगळे हसले. नियम राहिला.

रविवारी सर्वसाधारण सभा आहे. बंद दिवसांचा दंड धरू नये, असा ठराव मी मांडला आहे. त्याच अठरा दिवसांत अडकलेल्या सभासदांपुढे मी असे भाषण केले, की सर्वांनी तिथेच दंड न भरण्याची शपथ घेतली. दंड बाकी असणाऱ्यास मत नाही, हा सातवा नियम मी घरी आल्यावर वाचला. शपथ मोडायला आता एकही तयार नाही. इतके परिणामकारक भाषण माझ्या हातून पूर्वी झाले नव्हते.

मुलांना आशीर्वाद.

आपला,
भिकाजी

ता. क. – मते अकरा-अकरा आहेत. रजिस्टर तपासले. बाहेरगावच्यांत तुमच्या एकट्याच्याच नावावर दंड नाही, कारण नऊ वर्षांत तुम्ही एकही पुस्तक नेलेले नाही. याला मी चारचौघांत घराण्याचा कलंक म्हणत आलो. तो शब्द मागे घेतो.

पुन्हा ता. क. – त्या अकरांत मी नाही. भाषणाच्या तयारीसाठी नेलेले पुस्तक तीन आठवडे झाले, मुदत उलटली, तरी माझ्याकडेच आहे, आणि ते दिवस दार उघडे होते. शपथ मीही घेतली आहे. तेव्हा रविवारच्या पहिल्या मोटारीने या, वाचनालयातल्या एकाही पुस्तकाला न शिवता सरळ सभेत बसा, आणि ठराव वाचला जाताच हात वर करा.