मागची खोली भाड्याने देणे आहे

३ मार्च २०२५, सोमवार
सकाळच्या गाडीने मानोऱ्याला आलो. सामान थोडंच होतं. घर छान वाटलं. पुढच्या दोन खोल्या मला पुरतील. मागची खोली आणि तिचं छोटं स्वयंपाकघर भाड्याने द्यायचं. त्याला दार वेगळं, मीटर वेगळं. कार्तिकात बायको, रुख्मिणी, गेल्यावर निवृत्तीचे पैसे तसेच पडून होते. पुतण्या पवन मागेच लागला होता, काका, बँकेत ठेवून काय करता, तालुक्याला घर घ्या, नोकरदार भाडेकरू मिळतात. दलाल देवमन दारावर पाटी लावून गेला. जाताना म्हणाला, “आता पाय पसरून बसा काका, भाडं चालत येते तुमच्या दारी.” बऱ्याच दिवसांनी हसलो.

६ मार्च, गुरुवार
दवाखान्यातली नर्स शीला खोली पाहायला आली. माझा गुडघा दुखत होता, म्हणून चावी देऊन तिला एकटीलाच मागे पाठवलं. बराच वेळ आत होती. चावी परत देताना कळवते म्हणाली. संध्याकाळी देवमनकडून नकार आला. कारण त्याने विचारलं नाही.

११ मार्च, मंगळवार
आज राजपाल नावाचे शिक्षक आणि त्यांची बायको आले. तेही दोघंच आत गेले आणि हसत बाहेर आले. राजपालची बायको म्हणाली, काकू फार मायाळू आहेत, ओटा-फडताळ सगळं दाखवलं, पण खोली द्यायची नाही म्हणाल्या. राजपालने माझी थट्टा केली. “तुमी दोघं नवरा-बायको पयले ठरवून घ्या न काका, मंग पाटी लावा.”
ते गेल्यावर आत गेलो. कोणी नव्हतं. फरशी झाडलेली होती. मी झाडली नव्हती.
लिहायला लाज वाटते, पण भीती वाटली नाही. बरं वाटलं. दिवस मावळेपर्यंत तिथेच बसलो. तिच्या हयातीत घर घेता आलं नाही, ते रुख्मिणीला सांगितलं.

१४ मार्च, शुक्रवार
धुळवड. तांड्यावरून डफाचा आवाज येतो. आमच्याकडे यंदा सण नाही. दुपारी मागच्या खोलीत चटई टाकून झोपलो. कार्तिकानंतर पहिल्यांदा नीट झोप लागली. उठलो तेव्हा अंगावर पांघरूण होतं. पाटी काढून टाकावी असं मनात येतं. भाडं नको मला.

१७ मार्च, सोमवार
देवमन चिडून आला. गिऱ्हाइकं परत जातात, माझं नाव खराब होते, असं बोलला. शीलाला त्याने खोदून विचारलं होतं. काकूंनी तिला काय सांगितलं, ते त्याने तसंच्या तसं ऐकवलं. “खोली द्याची नाई. पुंजाजी येनार हाय इथं राहाले. त्याच्यासाठीच झाडून ठेवली.” वर हसला. “काकू तर सरळ नावच घेते राजा तुमचं.”
रुख्मिणी गेल्याचं मी त्याला कधी सांगितलेलं नाही. आताही सांगितलं नाही.
रुख्मिणीने जन्मात माझं नाव घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. हाक मारायची तर आयकलं का, एवढंच. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हाही तिने बोटाने माझ्याकडे दाखवलं. श्वास पुरत नव्हता, तरी नाव घेतलं नाही.
मग आत कोण आहे?
मी कोणाजवळ बसलो? पांघरूण कोणी घातलं?

१८ मार्च
मागच्या खोलीच्या दाराला मोठं कुलूप लावलं. देवमनला फोन केला — कोणालाही दे, फुकट दे, पण आज दे. त्याला वाटलं मी नशेत आहे. पवन उद्या संध्याकाळी येतो म्हणाला.
आतून झाडण्याचा आवाज येतो आहे. भर दुपारी.

१९ मार्च
पवनची वाट पाहणार नाही. दोनची गाडी आहे. पिशवी भरली.

हाक आली. आवाज तिचाच. अगदी तिचा. खोकून मग बोलायची, तसाच.
पण नाव घेऊन.

पुन्हा.
कान झाकले तरी येते. तिचा आवाज कार्तिकानंतर ऐकला नव्हता — तो नाव घेत असला तरी —
नाही. ती नाही. ती नाही.

तोंडातून “आलो” निघून गेलं. मी म्हणालो नाही. निघून गेलं.

झाडणं थांबलं.
कुलूप इथून दिसतं. तसंच आहे. दार उघडल्याचा आवाज मात्र —

टॉवेल राहिला होता. दोरीवरून काढला. घडी घालतो आहे. एवढी घडी घालून पिशवीत ठेवतो आणि —