तुपाचा हात

भाद्रपद वद्य तृतीया, शके १८६१. मानवत.

वालूरहून बैलगाडीनं सामान पोचलं. तांब्याची घागर, दोन पातेली, जातं, ह्यांची वळकटी, माझी पूजेची पेटी, सगळं शाबूत. भाडं दीड रुपया, निजामी हाली नाण्यात. गाडीवान दोन मागत होता, जात्याचं वजन वेगळं धरत होता. मी म्हटलं, जातं काय तुम्ही खांद्यावर आणलंत? हसला आणि दीड घेऊन गेला.

ह्यांना इथल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात गॅसनं लोखंड सांधायचं काम मिळालंय. मागच्या अंगाला दोन खोल्या, त्याही बिनभाड्याच्या. शंभो महादेवाची कृपा. आजच कारखान्याचंही सामान आलं: प्राणवायूचं पुरुषभर उंच लोखंडी नळकांडं आणि त्याच्या तोंडाला बसवायचा, वायूचा जोर आवरणारा पितळी रेग्युलेटर. त्याला दोन तबकड्या आहेत, म्हणून सगळे घड्याळच म्हणतात. किंमत ऐंशी रुपये म्हणे! एवढ्यात मी वर्षाचं घर चालवीन.

वद्य पंचमी

कारखान्यात जिकडेतिकडे वंगण, म्हणून ह्यांनी घड्याळ घरीच पेटीत ठेवलंय. मला बजावून सांगितलं की तेलातुपाचा थेंब नको, ओशट बोटसुद्धा नको. कोंडलेला प्राणवायू जोरानं सुटला की तेवढ्या ओशटावरच पेट घेतो, काडी ओढावी लागत नाही. नळकांड्याची चावी अगदी हळू फिरवायची आणि तबकडीसमोर तोंड न आणता बाजूला उभं राहायचं. पुसायला मी सोड्यात उकळून वाळवलेलं फडकं देते. म्हणाले, तुझ्या हाताइतकं स्वच्छ या गावात दुसरं काही नाही. दिवसभर बरं वाटत राहिलं.

वद्य नवमी

चुलीमागच्या भिंतीवर तुपकट पंजा उमटलाय. बाईमाणसाचा आहे, करंगळी आत वळलेली. खवट वास मारतो. मुंग्या चिकटून मेल्यात आणि मधोमध एक लांब केस. राखेनं खरवडून काढला, तर दुपारी पुन्हा ओला. शेजारची भागम्मा, पहारेकऱ्याची बायको, दारात उभी राहून खिदळत होती. बाई, तुमी लय घासायलाव, भिंत झिजली की थेट माझ्या चुलीपाशी निघताव! मी हसून विचारलं, इथं आधी कोण राहत होतं? तिनं तोंडाला पदर लावला आणि निघून गेली.

हे म्हणाले, कारखान्याजवळचं घर, वंगण उडायचंच. वंगण मला कळत नाही काय? हे तूप आहे.

अमावास्या

पंजे वाढले. घागरीच्या गळ्यावर आहेत. पिठाच्या डब्यात, आतून! आज भाकरीचा पहिलाच घास मेणचट लागला, जिभेवरून सरेना. मोरीवर जाऊन ओकले. शेरभर पीठ फेकावं लागलं. जन्मात कधी पीठ फेकलं नव्हतं.

भागम्माला हाताला धरून बसवलं, तेव्हा बोलली. आधीचे मिस्त्री नागप्पा. गेल्या खंडेनवमीला त्यांच्या बायकोनं, महादेवीनं, नवऱ्याचं हत्यार म्हणून घड्याळाला तूप-कुंकू माखलं. सगळ्यांच्याच घरी माखतात, विळी, तराजू, नांगराचा फाळ. पूजा झाल्यावर नागप्पांनी चावी फिरवली आणि घड्याळातूनच जाळ निघाला. त्यांचं तोंड... भागम्मानं ओंजळीनं आपलं तोंड झाकून दाखवलं. महादेवी मग याच खोलीत बसून हात घाशीत राहिली. कातडी सोलून लोंबायला लागली, तरी म्हणायची, तूप जाईना गं. दिवाळी पाह्यली न्हाई तिनं.

तिची करंगळी वाकडी होती काय, असं विचारलं. भागम्मा उठून गेली.

आश्विन शुद्ध पंचमी

लिहू नये असं घडलं. पूजेला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि ते निसटलं. जमिनीवर पडलं. माझ्या तळव्याला ओशट काहीतरी — आपोआप सुटलेलं. वास तोच. राख, रिठे, सोडा, सगळं झालं. आता हात कोरडे आहेत. कोरडेच आहेत.

गुरुपादअण्णाला वालूरला पत्र घालावं, मला न्यायला ये म्हणून. पण ह्यांना इथं एकटं ठेवून?

अष्टमी

मालक आबासाहेबांचा हुकूम आलाय. उद्या हत्यारांची पूजा, आणि लगेच ह्यांनी कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसचा तडकलेला सांधा जोडून हंगामाचा मुहूर्त करायचा. हे म्हणाले, घड्याळाला तूप मी लावू देणार नाही, लांबून फूल वाहीन.

संध्याकाळी पाहिलं तर घड्याळाच्या पेटीवर पंजा. ओला. ती त्याच्यापर्यंत पोचली. हात राखेनं घासले, वाळवले, घड्याळ काढलं, फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात लपवलं. उद्या घड्याळच नसेल तर चावी कोण फिरवील?

नवमी

ह्यांना सापडलं. हसले. चोर तर घरातच निघाला, म्हणाले. त्याच फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. मी दाराला कडी घालून कोनाडा पुसायला बसले —

कोनाड्यात पंजा आहे. मी त्यावर हात ठेवला. बरोबर बसला. माझी करंगळी — कधी वळली?

तिनं काही केलं नाही. घड्याळाला माझेच हात लागले. फडक्याला माझेच —

कडी निघत नाही. हातातून निसटते. पदरानं धरली, पदरही बुळबुळीत. पूजेची हलगी वाजायला लागली, माझी हाक कुणाला ऐकू जाणार. या कागदाच्या आरपार दिसायला लागलंय, शाई पसरते —

पान फाडून दाराखालून सरकवते. ज्याला मिळेल त्यानं धावत जाऊन ह्यांना सांगावं, चावी फिरवू नका, घड्याळाला तूप आहे. समोर उभे राहू नका. बाजूला —

हलगी थांबली.

मग वालूरला माझ्या भावाला कळवा, गुरुपाद — आणि हे सुखरूप असतील तर मला उलट टपाली —